पाहणाऱ्याचं नाव

“चालू हाय गो बाय. लिव, घाट चालू,” फोनवर महिपत म्हणाला.

मथुराने कार्बन घातलेल्या कागदावर बॉलपेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. पावणेसातला ‘प्रवासी वार्ता’ लागायची.

पावसाळ्याचे चार महिनेच असायची ती. कुठला घाट चालू, कुठल्या पुलावर पाणी, खाडी ओलांडायची कुठली तर, म्हणजे उतारूंची होडी, बंद, एवढंच. ऐकणाऱ्याला दोन मिनिटं, पण ती दोन मिनिटं जमवायला मथुरा पहाटे साडेपाचपासून रत्नागिरीच्या रेडिओ केंद्रातल्या त्या काळ्या टेलिफोनला चिकटून बसे. एक्स्चेंजमधली राही तिला सगळ्यांच्या आधी लाइन देई. तसा नियम नव्हता, पण नऊ पावसाळ्यांत तो नियमासारखाच होऊन गेला होता. चिपळूणचा माणूस वाशिष्ठीचं पाणी पुलाच्या कितव्या दगडाला लागलंय ते सांगे. पूर्णगडला पोस्टमास्तरांच्या घरी फोन होता. मास्तरांची बायको आवडाबाई रिसीव्हर तसाच ठेवून ओट्यावर जाई, खाडीकडे बघे आणि परत येऊन म्हणे, “गुणाजीची होडी पाण्यात आहे, पण माणसं चढेनात. एक बाई कोंबडी घेऊन उभी आहे.” कोंबडी मथुरा लिहीत नसे, बाकीचं लिहून घेई.

शेवटचा फोन मोरजाई घाटाचा. पायथ्याला बांधकाम खात्याचा बंगला होता आणि महिपत तिथला चौकीदार. रोज पहाटे तो कंदील घेऊन घाट चढायचा, वरच्या वळणापर्यंत जाऊन यायचा आणि मग फोन घ्यायचा. मथुराने घाट कधी पाहिला नव्हता. ती खाडीकाठची, माहेर पूर्णगडजवळ, सासर रत्नागिरीत, नवरा मुंबईला गोदीत. देशावर जायचं तिला कारणच पडलं नव्हतं. पण घाटाची सहाही वळणं तिला पाठ होती. चिंचेचं, पऱ्याचं म्हणजे ओढ्याचं, म्हसोबाचं, कोंडीचं, सातवीणीचं आणि शेवटचं कड्याचं. महिपतच्या आवाजातच ती तो घाट चढायची.

तिच्या पानाला तीन रकाने होते. रस्ता, स्थिती आणि पाहणाऱ्याचं नाव. तिसरा रकाना रेडिओवर कधी वाचला जात नसे. सुरुवातीच्या साहेबांनी तो आखून दिला होता. “ऐकलेलं लिहायचं नाही. ज्यानं डोळ्यांनी बघितलं त्याचं नाव घाल, नाव नसेल तर ओळ घालू नको,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते साहेब बदलून गेले, पुढचे आले, रकाना राहिला.

“काका, पऱ्याच्या मोरीवर पाणी किती आहे?” मथुराने विचारलं.

“हाय आपला नेहमीचा.”

“रात्रभर कोसळतोय इथे. तुमच्याकडे नाही का?”

“पडतोय ना. न पडून काय करंल? भाजीचं दोन टरक उतरलं वरनं. म्हंजे घाट चालूच ना?”

“किती वाजता उतरले?”

“चार झालं असतील.”

“आणि त्याच्यानंतर?”

पलीकडून नुसता पाऊस ऐकू आला. बंगल्याच्या पत्र्यावरचा पाऊस तिला ओळखीचा होता. पण आज त्यात महिपतच्या श्वासाचाही आवाज होता, आणि तो श्वास घाट उतरून आलेल्या माणसाचा नव्हता. अंथरुणावरून उठून आलेल्या माणसाचा होता.

“काका, तुम्ही वर गेला होतात ना?”

“लिव ना गो बाय चालू.”

“गेला होतात का?”

रिसीव्हर या कानाचा त्या कानाला गेला. मग तो हळू आवाजात म्हणाला, “गुडघं नाय चालत गो. गेल्या पावसाळ्यापासनं म्हसोबाच्या फुडं गेलोच नाय मी. औंदा तर चिंचेपावत बी नाय. पडवीत बसतो आन् टरक आयकतो. सातवीणीला गेर बदलतो, ता हितं कळतं. कोंडीला हॉरन देतो, ता बी कळतं. आजपावत चुकलो काय मी? सांग, एकदा तरी चुकलो?”

चुकला नव्हता. तेच तर होतं. आणि मथुरेलाही ते कळलं नव्हतं असं नाही. गेल्या वर्षीपासून त्याच्या सांगण्यातून बारीकसारीक गोष्टी गळाल्या होत्या. पूर्वी तो म्हणे, कोंडीला जांभ्याचा एक दगड आलाय, दोघं लागतील ढकलायला. सातवीणीखाली रानडुक्कर आडवं गेलं. आता नुसतं ‘चालू हाय’ किंवा ‘बंद हाय’. तिने कधी खोदून विचारलं नाही. रोज तिसऱ्या रकान्यात ‘महिपत’ लिहीत गेली. आवाज ओळखीचा होता, तेवढ्यावर तिने नाव घातलं.

“नवरात्रात सुटतोय मी नोकरीतनं,” महिपत म्हणाला. “तीन म्हयनं ऱ्हायलं. एवढं निघूंदेत. लिव चालू.”

“तुम्ही फोन ठेवा काका,” मथुरा म्हणाली. “बघते मी.”

सहा अठ्ठावीस. तिने एस.टी. स्टँडच्या कंट्रोलला फोन लावला.

“मोरजाई घाटातून आज पहाटे एखादी गाडी उतरली का हो?”

“आमची पहिली गाडी इथूनच सुटते, सात वाजता,” कंट्रोलवाला म्हणाला. “लागलीये फलाटाला. पंचेचाळीस माणसं बसलीयेत, वर टपावर फणस. तुमचं काय ते सांगा, तुम्ही चालू म्हणालात की सोडतो.”

“मी तुम्हाला विचारतेय.”

“अहो, आम्ही तुमचंच ऐकून सोडतो बाई. नऊ वर्षं तेच करतोय. मी इथे खुर्चीत बसून घाट बघू काय?”

मथुराने रिसीव्हर ठेवला. म्हणजे स्टँड तिच्या भरवशावर, ती महिपतच्या आणि महिपत गिअरच्या. आणि आज चार वाजल्यापासून गिअर बदलल्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

निवेदिका गुणवंती दारात उभी राहिली. केस ओले, हातात चहाचा कप. “मथुरे, पान देतेस ना? वाचून बघायला मिळतं तरी का कधी मला?”

“दोन मिनिटं.”

“दोन मिनिटांचंच तर आहे ते सगळं.”

मथुरा कागदाकडे बघत राहिली. ‘चालू’ लिहिणं सोपं होतं. बहुतेक चालूच असेल. आणि नसला तर? सात वाजता सुटलेली गाडी आठपर्यंत कोंडीच्या वळणाला पोचते. तिथे रस्त्याला एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला काही नाही, हेही महिपतनेच सांगितलेलं. ‘बंद’ लिहिणं म्हणजे दुसरं खोटं. आणि ओळच गाळावी तर कंट्रोलवाला म्हणेल, काही नाही म्हणजे चालू.

पहाटे निघताना तिची चिमा तिच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपलेली असे. मथुरा रोज त्या मुठीत टॉवेलचा कोपरा सरकवून पदर सोडवून घेई, आणि शेजारच्या यमुनाबाईंना हाक मारून बाहेर पडे. पोरीला वाटे आई आहे. आज का कोण जाणे, ती मूठ तिच्या डोळ्यांसमोर आली.

तिने लिहिलं. तिसरा रकाना मोकळा ठेवला आणि कागद गुणवंतीच्या हातात दिला.

गुणवंतीने उभ्या उभ्या वाचलं. “हे काय वाक्य आहे? ‘मोरजाई घाट आज सकाळी कोणीही प्रत्यक्ष पाहिलेला नाही.’ असं कधी बोलतात का रेडिओवर?”

“तसंच वाच.”

“अगं, लोक म्हणतील घाट काय चोरीला गेला?”

“म्हणू देत. तसंच वाच गुणवंती, एक शब्द फिरवू नको.”

लाल दिवा लागला. काचेपलीकडे गुणवंतीने ते वाक्य पाण्याची पातळी सांगावी तितक्याच थंड आवाजात वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेली. पूर्णगडची तर बंद होती.

सातची गाडी थांबली. पंचेचाळीस माणसं उतरली, चढली, पुन्हा उतरली. कोणाला वर साखरपुड्याला जायचं होतं, कोणाची कोर्टात तारीख होती. नऊच्या सुमाराला बांधकाम खात्याची जीप घाटात गेली. घाट स्वच्छ होता. दरड नाही, दगड नाही, मोरीवर टाचेएवढं पाणी. वरच्या गावात त्या दिवशी बाजाराला सुट्टी होती, म्हणून चारच्या त्या दोन ट्रकांनंतर भाजीचे ट्रकच निघाले नव्हते. साडेनऊला गाडी सुटली आणि सुखरूप पोचली.

केंद्रावर साहेबांनी मथुरेला बोलावलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. “चूक म्हणत नाही मी,” चष्मा पुसत ते म्हणाले, “पण यापुढे अशा वेळी ‘माहितीची प्रतीक्षा आहे’ असं लिहा. प्रतीक्षा म्हटलं की कोणाला काही लागत नाही.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मोरजाईच्या फोनवर वेगळाच आवाज आला.

“मी सदू बोलतोय. खालच्या वाडीतला. मला नेमलाय फोनला आता.”

“आणि महिपतकाका?”

“हायत ना. झाडलोट करतायत. काय झालं म्हायती हाय काय ताई, काल इंजिनेर आलं जीप घेऊन. म्हणालं, म्हाताऱ्या, फोन बिघडला व्हता ना रे सकाळी? पावसाचा बिघडतोच, मी लिहितो तसा. म्हंजे त्यांनी वाट करून दिली ओ. आन् ह्यो म्हातारा काय म्हणतो? फोन झ्याक व्हता साहेब. मीच वर गेलो नव्हतो. औंदा एकदाबी गेलो नाय. आता बोला. कोणी सांगितला व्हता बोलायला?”

“आणि घाट?” मथुराने विचारलं.

“घाट चालू हाय,” सदू म्हणाला. “सहाव्या वळणापावत जाऊन आलो. पळत.”

तिने तिसऱ्या रकान्यात ‘सदू’ लिहिलं. खोटं काही नव्हतं त्यात. पोरगा खरंच जाऊन येई, दगड मोजून सांगे, वेळेवर फोन घेई. पावसाळाभर ‘प्रवासी वार्ता’ एकदाही चुकली नाही. ते वाक्य पुन्हा वाचायची वेळ आली नाही. फक्त फोन पूर्वीपेक्षा लवकर संपे, आणि पावणेसातला पाचसहा मिनिटं उरत. त्या मिनिटांत काय करायचं ते मथुरेला कळत नसे.

नवरात्राच्या आधीच्या रविवारी चिमाला यमुनाबाईंकडे सोडून ती सातच्या गाडीत बसली आणि बंगल्यापाशी उतरली. आवारातला पाचोळा झाडूने एका जागी ओढत एक बुटका, कृश माणूस उभा होता. डोक्याला फडकं, पाय किंचित फाकलेले.

“कोण पायजे?”

“मी मथुरा.”

त्याने झाडू खाली ठेवला नाही. तिच्याकडे वरून खाली बघितलं. “मना वाटलेला तू जाडी असशील. आवाज जाडा हाय तुझा.”

“आणि मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल.”

“व्हतो. पावसात भिजून आटलो.” मग तो म्हणाला, “चा घेशील? दूध नाय.”

पडवीत बसून दोघांनी कोरा चहा घेतला. समोर घाट होता. एवढा हिरवा आणि एवढा जवळ असेल असं तिला वाटलं नव्हतं. जुलैतल्या त्या सकाळचं बोलणं कसं काढावं तेच तिला सुचेना.

“काका, त्या दिवशी मी—”

“गाडी भरलेली व्हती ना?” महिपतने विचारलं.

“पंचेचाळीस माणसं.”

“मंग झालं.” कप उपडा करून त्याने उरलेले थेंब अंगणात झटकले. “राग आलेला मना. खोटा कशाला बोलू? चार दिस व्हता. मंग म्हटलं, तिनं काय लिवला? कोणी बघितला नाय, असा लिवला. ता तर खरांच व्हता. चल, तुना घाट दावतो. नव वरसं आयकतेस, बघ तरी.”

“गुडघे?”

“वाईच चालंल.”

ते निघाले. तो एका हाताने कठड्याचे दगड धरत चालत होता आणि मथुरा मुद्दाम मागे राहत होती, म्हणजे त्याला घाई वाटू नये. चिंचेचं झाड आलं. तिथे एक मैलाचा दगड होता. महिपत त्यावर बसला आणि गुडघ्यांवर तळवे ठेवून उसासला.

“माझा घाट हितपावतच आता,” तो म्हणाला. “तू जा. रस्ता सोडू नको. बघून ये आन् मना सांग.”

ती एकटी वर गेली. दीडेक तासाने परत आली तेव्हा तिची साडी घोट्यापर्यंत चिखलाने भरली होती आणि महिपत तसाच बसलेला होता, डोळे मिटून.

“बघितलंस?”

“बघितलं.” ती समोर कठड्यावर बसली. “पऱ्याच्या मोरीवर पाणी नाही, खालून वाहतंय. उजव्या बाजूचा एक कोपरा निखळलाय. म्हसोबाला कोणीतरी नवीन शेंदूर लावलाय. तिथे दोन दगड आहेत, पण रस्त्याच्या बाहेर. कोंडीला कठड्याला तडा गेलाय, हाताच्या पंजाएवढा. माती ओली आहे, पण धरून आहे. सातवीणीला फुलं आलीयेत.”

महिपतने तिचा प्रत्येक शब्द ऐकता ऐकता गुडघ्यावर एकेक बोट टेकवलं होतं. चिंच, पऱ्या, म्हसोबा, कोंडी, सातवीण. एका हाताची पाच बोटं झाली. दुसऱ्या हाताचा अंगठा त्याने वर धरला.

“आन् कडा?”

“तिथपर्यंत नाही गेले मी. दम लागला.”

“मंग त्याचा सांगू नको,” महिपत म्हणाला.

अंगठा त्याने खाली टेकवला नाही. तसाच वर धरून तो घाटाच्या वरच्या टोकाकडे बघत बसला.