डावीकडचं पदक

मित्रांनो, मी एक जुनं पदक आहे. लष्कराचं. गोल, पांढऱ्या धातूचं, डोक्यावर रेशमी फीत. पदक ‘ते’ असतं हे मलाही ठाऊक आहे. पण माझं सगळं आयुष्य एका बाईच्या खांद्याखाली गेलंय, त्यामुळे मी ‘आले, गेले’ असंच बोलणार. पटत नसेल तर सोडून द्या.

माझा जन्म टांकसाळीत झाला. एक जबरदस्त ठोका बसला आणि माझ्यासारखीच खूप भावंडं टपाटप बाहेर पडली. सगळी अगदी सारखी. मग एका कारागिराने माझ्या कडेवर बारीक अक्षरं कोरली आणि मी सगळ्यांपेक्षा वेगळी झाले. ‘लेफ्टनंट एम. पोतनीस, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस.’ माझी कड लक्षात ठेवा. पुढचं सगळं भांडण तिच्यावरूनच आहे.

एम. पोतनीस म्हणजे मंदाकिनी. बडोद्याची मुलगी. मुलीने शाळेत शिकवावं, असं घरच्यांना वाटत होतं. ती लष्करात नर्स झाली आणि खांद्यावर अधिकाऱ्याचे तारे लावून घरी आली. एकाहत्तरच्या युद्धात ती सरहद्दीजवळच्या तंबूतल्या इस्पितळात होती. खरं सांगायचं तर ते युद्ध मी पाहिलेलं नाही. पदकं युद्धानंतर जन्मतात. मला जे कळलं ते तिला भेटायला येणाऱ्यांकडून. एकदा परेड संपल्यावर एक हवालदार कुबडी टेकत आला, ताठ उभा राहिला आणि आपल्या बायकोला म्हणाला, “हीच ती. बाहेर बॉम्ब पडत होते आणि ही मला म्हणत होती, हलू नकोस, सलाइनची सुई निघेल. बॉम्बचं मी बघते!”

त्याची बायको हसता हसता रडायला लागली. मी तर अशी फुगले की पिन तुटते की काय असं वाटलं.

ते माझे कामाचे दिवस होते. सव्वीस जानेवारी जवळ आली की मंदाकिनी मला पॉलिशने घासायची, मऊ फडक्याने पुसायची आणि गणवेशावर डाव्या बाजूला लावायची. डावीच, बरं का. स्वतः मिळवलेली पदकं डावीकडे. घरातला सैनिक गेला, तर त्याची पदकं घरच्यांनी उजवीकडे लावायची, अशी रीत आहे.

लेफ्टनंट कर्नल होऊन ती निवृत्त झाली आणि बडोद्याला परतली. गोत्रीला एका सोसायटीत पुतण्याकडे राहू लागली. लग्न केलं नाही. राहून गेलं असं लोक म्हणतात, पण राहून गेलं नाही, केलं नाही.

सोसायटीत ती कर्नल नव्हती. ‘नर्सबाई’ होती. “मंदाताई, जरा बीपी बघता का?” “मंदाताई, आईला इंजेक्शन टोचायचंय, या ना!” ती जायची. सगळ्यांकडे जायची. आणि मी? मी पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात, कपाटाच्या तळाशी. अंगाला अजून वेलचीचा वास येतो माझ्या.

गेल्या वर्षी सोसायटीचे सेक्रेटरी सुभानराव आले. रिफायनरीतून निवृत्त झालेले, मनाने चांगले, पण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देतील तर शपथ. “ताई, सव्वीस जानेवारीला आपल्या सोसायटीतल्या माजी सैनिकांचा सत्कार आहे. औक्षण तुम्ही करायचं. आणि घरातली पदकं लावून या हं, शोभा येते!”

मंदाकिनी साडी नेसून गेली, पदरावर डावीकडे मला लावून. सुभानरावांनी बघितलं मात्र, “अहो ताई, चुकलं! घरच्यांनी उजवीकडे लावायची असतात.” झालं. मला काढलं आणि उजवीकडे टोचलं. मंदाकिनीने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, “जाऊ दे.” मग हातात तबक घेऊन तिने रांगेतल्या पुरुषांना ओवाळलं. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘शहीद पतीची पदके अभिमानाने मिरवताना श्रीमती मंदाकिनीताई.’

मित्रांनो, नवराच नव्हता हो! एका ओळीत त्यांनी तो दिलाही आणि मारलाही.

तो फोटो यंदा जानेवारीत कौमुदीला सापडला. कौमुदी म्हणजे पुतण्याची मुलगी, नववीतली. आधी ती पोट धरून हसली.

“आत्याआजी, हे आजोबा कोण? आम्हाला न सांगता उरकलंस?”

“जाऊ दे गं. सुभानराव भोळे आहेत.”

मग कौमुदीचं हसू थांबलं. तिने डबा काढला, मला उलटंसुलटं केलं, आणि मोबाइलच्या उजेडात माझी कड वाचली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी कड वाचत होतं!

“तुझंच नाव आहे इथे. मग उजवीकडे का लावलंस?”

“कुणी विचारलं नाही.”

“मी विचारतेय. यंदा रांगेत उभी राहणार की तबक धरणार? तेवढं सांग.”

मंदाकिनीने डब्याचं झाकण हातात घेतलं. मला वाटलं, पुन्हा ‘जाऊ दे’ येतंय, पुन्हा डबा, पुन्हा वेलची. मी मनातल्या मनात किंचाळत होते, डावीकडे, डावीकडे!

“साडीवर हे लोंबकळतं,” ती शेवटी म्हणाली. “पदर ओढला जातो. याला कोट लागतो, आणि माझा कोट केव्हाच कुणाला तरी देऊन टाकला.”

कौमुदी पळाली आणि आपला शाळेचा निळा ब्लेझर घेऊन आली. बाह्या आखूड, खांदे घट्ट, खिशावर शाळेचं चिन्ह. मंदाकिनीने तो साडीवर चढवला, आरशात पाहिलं आणि फसकन हसली. “नापास झाल्यासारखी दिसतेय.”

“पदक लाव. मग बघ.”

माझ्या फितीखाली शाळेचं चिन्ह पार झाकलं गेलं. तिचे खांदे आपोआप मागे गेले. मी जागेवर होते.

सव्वीस तारखेला ती सरळ रांगेत जाऊन उभी राहिली, अगदी टोकाला. सुभानराव तबक घेऊन धावत आले. “ताई, तुम्ही इकडे! आणि हे पुन्हा डावीकडे? गेल्या वर्षी सांगितलं होतं ना, साहेबांची पदकं...”

“कुठले साहेब?” मंदाकिनीचा आवाज वॉर्डातला होता. शेवटच्या खाटेपर्यंत पोचणारा. “जो गेला त्याची उजवीकडे, सुभानराव. मी अजून गेलेले नाही. हे माझं आहे.”

माइक धरलेले हार्दिकभाई गोंधळले. “पण बेन तो नर्स छे ने?”

“हो, नर्स. फौजेची नर्स. लेफ्टनंट कर्नल. फोटोखाली काय लिहायचं असेल ते लिहा, पण हे वगळून नाही.”

रांगेत दिनकरराव होते, निवृत्त सुभेदार, नुकतेच वाघोडिया रोडवरून राहायला आलेले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. “जय हिंद, मॅडम. पण तुम्ही चुकीच्या जागी उभ्या आहात.”

माझा जीव गेला. आता हेही?

“सगळ्यांत वरिष्ठ आहात. रांगेत पहिल्या, उजव्या टोकाला या.” आणि सगळी रांग सरकली.

सुभानराव तबक धरून तसेच उभे. निरांजनाची वात फडफडत होती. “मग ओवाळणार कोण?” ते पुटपुटले.

“तुमच्याच हातात आहे की,” मागून त्यांच्या बायको नयनावहिनी म्हणाल्या. “ओवाळा! जड नसतं ते. आम्ही जन्मभर धरतोय.”

सगळी सोसायटी हसली. सुभानराव लाल झाले, पण पळाले नाहीत. कुंकू लावताना त्यांचं बोट तिच्या नाकापर्यंत गेलं. “ताई, तुम्ही गेल्या वर्षीच सांगायचं ना,” ते हळूच म्हणाले.

“तुम्ही बोलू कुठे दिलंत?” मंदाकिनी म्हणाली, आणि दोघंही हसली. निरांजनाचा उजेड माझ्यावर पडला. गेल्या वर्षी तो माझ्यासमोरून पुरुषांकडे गेला होता. यंदा माझ्याकडे आला.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं पदक असेल. त्याला घासा, पुसा, पण डब्यात घालण्याआधी त्याची कड वाचा. आणि कुणा बाईच्या अंगावर पदक दिसलं, तर ‘कुणाचं?’ असं विचारण्याआधी ‘कशासाठी मिळालं?’ असं विचारून बघा.

पेढ्यांचा डबा आता सुयादोऱ्यांना दिलाय. मी ब्लेझरवरच राहते. आज सकाळी कौमुदीने तो परत मागितला, शाळेत बोलणी बसतात म्हणाली. मंदाकिनी माझी फीत सरळ करत म्हणाली, “नवा शिवून घे. हा कामावर आहे.”