देविदासच्या चाकातली हवा

मी एक जुना हवेचा पंप आहे. आखाडा बाळापूरला रस्त्याच्या कडेला नेमसिंग राठोड यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, त्याच्या दाराआड माझा मुक्काम असतो. मित्रांनो, पंप म्हटला की तुम्हाला वाटेल, मोठा दांडगट गडी असणार. तसे काही नाही. मी स्वभावाने भारी काळजी करणारा आहे. ज्याच्या पोटात सदा हवाच, त्याच्या पोटात गोळा यायला वेळ लागत नाही.

माझा कारखाना कुठला, ते आता आठवत नाही. पितळेची नळी, आत चामड्याचा वायसर आणि वर लाकडी मूठ, असा माझा देह. नव्वदच्या सुमारास नेमसिंगांनी मला नांदेडहून एसटीच्या टपावर टाकून आणले. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर हिंडत. नेमसिंग तांड्यावरून खाली आले आणि त्यांनी चाकांचा धंदा धरला.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. बाजाराच्या दिवशी मला क्षणाची उसंत नसे. हवा जोरात कोंबली की माझे अंग तापते. थंडीच्या सकाळी टायरगाडीची चाके भरून झाली की माणसे माझ्या नळीवर हात शेकत बसत. नेमसिंगांची लेक संगिता लहान असताना तिचे बोट एकदा असेच पोळले. तेव्हापासून मला उचलण्याआधी ती तळहात टेकवून बघू लागली. पुढे नेमसिंगांची कंबर धरली आणि दुकान तिच्याच हातात आले, तरी ही सवय गेली नाही.

तिचा थोरला भाऊ देविदास. तांड्याच्या बोलीत ती त्याला भिया म्हणे. तांडा माळाच्या पलीकडे, दुकान अलीकडे, त्यामुळे देविदास रोज तो माळाचा लांबलचक चढ सायकलवरून चढे. इतरांना जिथे उतरून सायकल ढकलावी लागे, तिथे हा गाणे गुणगुणत वर जाई. त्याच्या नावाने गावात पैजा लागत.

हिंगोलीचा वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षे झाली असतील. एका क्रीडा मंडळाने तीन दिवसांची सायकल शर्यत ठेवली. रोज एक टप्पा. तिन्ही दिवसांचा वेळ मिळून ज्याचा सगळ्यात कमी, तो पहिला. रोज जो पुढे असेल, त्याच्या अंगावर पिवळा सदरा चढणार होता आणि शेवटी पहिला येणारा जिल्ह्याकडून राज्याच्या शर्यतीला जाणार होता. देविदासने पातळ टायरची सायकल नांदेडच्या ओळखीच्या माणसाकडून मागून आणली. त्याला ती शर्यत जिंकायचीच होती, आणि खरे सांगतो, मलाही त्याने ती जिंकायला हवी होती.

पहिल्या दिवशी आपल्या माळाच्या चढावर त्याने सगळ्यांना मागे टाकले. पिवळा सदरा घालून तो गावात आला तेव्हा समोरच्या चहाच्या हॉटेलाचे मालक कोंडीबा यांनी अशी आरोळी ठोकली की स्टँडवरचे प्रवासी वळून बघू लागले. कोंडीबांचा आवाजच तसा होता.

संध्याकाळी संगिताने सायकल उलटी केली आणि तिचा चेहरा उतरला. मागच्या टायरच्या कडेला धारदार खडीने चीर पाडली होती. आतले धागे दिसत होते. असे पातळ टायर बाळापुरात मिळत नव्हते. नांदेडच्या दुकानदाराने निरोप दिला की मागवावे लागेल, चार दिवस थांबा. मग तिने जुन्या टायरचा तुकडा कापून आतून लावला आणि माझ्याकडून हवा अगदी बेताने घेतली.

"एवढ्यावर चालंल," ती म्हणाली. "जास्ती भरली का तुकडा धरणार न्हाई. चढावर फुटलं तर नुस्ता उभा राहशील, भिया. उतारावर फुटलं तर कसं?"

देविदासने चिरेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, कुणाला सांगू नको. त्याच्या पाठोपाठ हिंगोलीचा नरसिंग होता. नरसिंगच्या लोकांना कळले असते तर त्यांनी उतारावर देविदासला जीव तोडून पळायला लावले असते. नेमसिंगांना सांगितले असते तर त्यांनी शर्यतच सोडायला लावली असती. म्हणून ही गोष्ट तिघांतच राहिली, त्या दोघांत आणि माझ्यात.

दुसऱ्या दिवशी देविदास सगळ्यांच्या मागे चिकटून चालला. चढ आला तरी सीटवरून उठला नाही. उतारावर तर दोन्ही ब्रेक धरून बैलगाडीच्या चालीने उतरला. नरसिंगने बरेच अंतर भरून काढले. पिवळा सदरा कसाबसा देविदासच्या अंगावर राहिला, आणि त्या संध्याकाळी हॉटेलात वाद पेटला.

कोंडीबांना चहा गाळायचे भान नव्हते. चढाचा राजा म्हणवतो आणि चढावरच बसून राहतो, याला काय म्हणावे, असे ते ज्याला त्याला विचारत होते. एसटीत कंडक्टर असलेले रत्नपाल शांत माणूस. पुढे असलेल्याने कशाला पळावे, मागच्याने पळावे, पोरगे दम राखून चालले आहे, असे त्यांचे म्हणणे. बाकावरची मंडळी कधी इकडे झुकत, कधी तिकडे. कुणी म्हणाले, भ्याला. कुणी त्याच्याही पुढे जाऊन म्हणाले, नरसिंगच्या माणसांनी त्याला फितवले असेल. समोर दुकानात संगिता पंक्चर काढत बसली होती. तिच्या कानावर शब्द न् शब्द पडत होता आणि ती मूग गिळून बसली होती. मला तिची फार दया आली.

तेवढ्यात कोंडीबा तावातावाने रस्ता ओलांडून आले आणि त्यांनी मागच्या चाकावर अंगठा दाबला.

"मऊ लागून राहिलं," ते म्हणाले.

"असू द्या मामा, बराबर हाय ते," संगिता म्हणाली.

ते मान हलवत परत गेले. पण जाताना त्यांची नजर माझ्यावरून फिरली आणि माझ्या वायसरापर्यंत धडकी भरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सारे जीपमधून शर्यत सुटायच्या जागी गेलो. देविदास टेबलाजवळ नाव लावायला गेला. संगिता बाटलीत पाणी भरायला गेली. सायकल राखायला कोंडीबा आणि त्यांची हॉटेलातली मंडळी थांबली. त्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि मला जीपमधून खाली काढले.

मित्रांनो, त्यांच्या मनात काळेबेरे काही नव्हते. हवा कमी म्हणून आपला पोरगा मागे पडला, एवढेच त्यांना वाटत होते. दमले की मूठ दुसऱ्याच्या हातात देत, आणि कोंडीबा म्हणत, "भर, आणखी भर. दगडावानी झालं पाहिजे." मी जमेल तेवढा अडलो. वायसर वाकडा केला, कडेने हवा गळू दिली. पण आमच्या जातीला हट्ट करता येत नाही, दाबले की हवा द्यावीच लागते. मी ज्या चाकाची काळजी करत रात्र काढली होती, त्यातच ती कोंबत होतो आणि ओरडताही येत नव्हते.

शिट्टी झाली. देविदास धावत आला. टायर दाबून बघायची त्याची रीत होती, पण सकाळीच संगिताने तपासले होते आणि तिच्यावर त्याचा भरवसा होता. तो सायकलवर बसला आणि निघून गेला.

संगिताने मला जीपमध्ये ठेवायला उचलण्याआधी सवयीने तळहात टेकवला. ती थबकली. पुन्हा टेकवला.

"पंप तापला काहून?" तिने विचारले. "कोणी हवा भरली?"

"आमी," कोंडीबा खुशीत म्हणाले. "आता बघ कसा उडतो ते."

मग संगिताने सगळे सांगितले. चीर, आतला तुकडा, बेताची हवा, सगळे. कोंडीबा ड्रायव्हरला हाका मारू लागले. रत्नपाल म्हणाले, "माळाच्या वर गाठू त्याला. उताराच्या आधी."

शर्यतीच्या रस्त्यावर गाड्यांना बंदी होती. जीप शेतातल्या पांदणीने निघाली. खड्ड्यात आदळली की मी पत्र्यावर आपटत होतो, पण मला माझी काळजी नव्हती. ऊन चढत होते, डांबर तापत होते, आणि तापलेल्या चाकात हवा आणखी फुगते हे माझ्याइतके कुणाला ठाऊक? संगिताने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. कोंडीबा सारखे ड्रायव्हरला म्हणत होते, जरा दाब बाबा, जरा दाब. दोन दिवस हेच शब्द ते देविदाससाठी ओरडत होते.

माळाच्या माथ्यावर ही गर्दी. तांडा लोटला होता, बाळापूर लोटले होते. देविदास चढावर दिसला आणि एकच गलका झाला, "पुढं हो, देवा, पुढं हो." आणि तो खरेच सीटवरून उठला. नरसिंग मागे पडू लागला. लोक नाचू लागले.

कोंडीबा गर्दी फोडून रस्त्यावर आले आणि त्यांनी सारा आवाज पणाला लावला. "थांब, देवा. थांब." लोकांना वाटले, यांचे डोके फिरले. कुणी त्यांना दंडाला धरून मागे ओढले. देविदासने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. दोन दिवस त्यांचे ओरडणे कानाआड करायची त्याने सवयच लावून घेतली होती.

तेव्हा संगिताने मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलले आणि ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. तो जवळ येत होता, उतार चार हातांवर होता. त्याची नजर माझ्यावर पडली. दुकानाचा पंप इथे, माळावर, कशाला? त्याने दोन्ही ब्रेक दाबले.

तो उतरला, तशी संगिताने खाली बसून मागच्या चाकाचा वॉल ढिला केला. हवा फुसफुसत बाहेर आली. चिरेतून बोराएवढा फुगा बाहेर आला होता, तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू आत गेला. नरसिंग बाजूने निघून गेला, त्याच्यामागून आणखी दोघे गेले.

देविदास पुन्हा सायकलवर बसला आणि दोन्ही ब्रेक धरून सावकाश उतरला. तिन्ही दिवसांचा हिशेब झाला तेव्हा तो तिसरा होता. पिवळा सदरा हिंगोलीला गेला.

संध्याकाळी दुकानात कोंडीबा मान खाली घालून उभे होते. देविदास त्यांच्यावर रागावला नाही. एवढेच म्हणाला, "मामा, चाक दगडावानी झालंय, हे चढाखालीच मला कळलं होतं. हाडं खिळखिळी व्हायलती. पण तुमी समदे पुढं हो, पुढं हो म्हणून राहिले. मलाबी वाटलं, जाऊन बघावं."

या बोलण्याने मी जेवढा हादरलो, तेवढा जीपमध्येही हादरलो नव्हतो.

काही आठवड्यांनी कोंडीबा आपली सायकल घेऊन दुकानात आले. हा माणूस आजवर स्वतःच मला ओढून मन मानेल तितकी हवा भरून जात असे. त्या दिवशी त्यांनी चाकावर अंगठा दाबला, मूठ धरली आणि संगिताकडे वळून विचारले, "किती भरू?"

पुढे दुकानात विजेवरची हवेची टाकी आली आणि मी दाराआड गेलो. वायसर सुकून तडकला आहे, मुठीला वाळवीने तोंड लावले आहे. कधी दोन थेंब तेल मिळाले तर बरे वाटेल. मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला कोरडा ठेवू नका. आणि आपल्या माणसाच्या चाकात हवा भरण्याआधी, हौसेने का होईना, त्याला विचारा की किती सोसेल. तो हळू चालला असेल तर त्यालाही काही कारण असेल.

देविदास आता मोटारसायकलवर फिरतो. तो दूर कुठे निघाला की संगिता हातातले काम टाकून दाराआड येते आणि माझ्या नळीवर तळहात टेकवते. माझ्यात त्या चाकांना पुरेल एवढा जोर उरलेला नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी ती टेकवते. मी गार असतो. मग ती बाहेर जाऊन त्याला म्हणते, "जाय भिया, सावकाश जाय."