अर्धा तास पुढे

मित्रांनो, तारोडीच्या लुईस तांडेलच्या फळीवरचं गजराचं जुनं घड्याळ ते मीच. तरुणपणी मी एकदा होडीतून समुद्रात पडलो. एका घोळ माशाने मला गिळलं. पोटात गजर झाला तसा तो दचकून आपणहून जाळ्यात शिरला. खोटं वाटत असेल तर माझ्या पाठीवरचा ओरखडा बघा, त्याच्याच दाताचा आहे.

इतकं होऊनही मी भित्रा तो भित्राच. खाऱ्या वाऱ्याने चाकं गंजतील ही भीती जन्माची. दुसरी भीती लुईसने दिली. भरती चुकली तर होडी निघत नाही, म्हणून त्याने मला कायम अर्धा तास पुढे ठेवलं. ते घरात सगळ्यांना ठाऊक. मांजरसुद्धा मला बघून अर्धा तास वजा करायची.

१९६८ साली लुईसची जुळी मुलं, लुईझा आणि बेनेडिक्ट, मॅट्रिक झाली. मुंबईच्या कॉलेजचे अर्ज आणले. प्रवेश हुकला तर लुईझाने आईबरोबर बोंबील सुकवायचे आणि बेनेडिक्टने होडीवर जायचं, हे ठरलेलं होतं.

लुईझाने अर्ज त्याच दिवशी भरला, पण नेऊन द्यायला धजेना. रोज माझ्यासमोर बसून कागद उलटसुलट करायची.

"बेना, माझा फोटो वाकडा तर न्हाय?"

"फोटो सरळ हाय बाय, तूच वाकडी हायस."

त्याचा स्वतःचा अर्ज कोराच, माझ्या बुडाखाली दाबलेला. विचारलं की म्हणायचा, "अजून टाइम हाय." एक भीतीने थांबली, एक निवांतपणाने, आणि दोघं येऊन ठेपली त्याच शेवटच्या दिवशी.

त्या पहाटे चर्चची घंटा झाली. त्यांच्या आईने, टेरेझाने, मला उचललं. "आज पोरांच्या नशिबाची बाब. आज तरी खोटं नको," असं पुटपुटत तिने माझे काटे मागे फिरवून घंटेशी जुळवले, आणि कोणाला न सांगता सुक्या मासळीची टोपली घेऊन बाजाराला गेली.

जन्मात पहिल्यांदा मी खरं बोलत होतो, आणि घरात ते कोणाला ठाऊक नाही, याचीच मला भीती वाटली. कारण कॉलेजात वेळेवर पोचवणारी बस एकच, सकाळची.

"बेना, ऊठ! बस चुकंल!"

"घड्याळ फुडं हाय ना? चहा टाक."

लुईझानेही मनातल्या मनात अर्धा तास वजा केला, स्टोव्ह पेटवला आणि शेवटचं एकदा म्हणून आपला आणि रात्री तिनेच भरलेला बेनाचा, असे दोन्ही अर्ज तपासायला बसली. मी जीव खाऊन टिकटिक केली. लांब वळणावर बसचा भोंगा वाजला, तो स्टोव्हच्या फरफरीत बुडाला. आता बोंबील वाळत घालायच्या काठ्या आणि होडीची वल्ही मला डोळ्यांसमोर दिसू लागली.

मित्रांनो, पावसाळ्यात होडी वर ओढलेली असते, तेव्हा गजराला सुट्टी. गजराची किल्ली कोणी दिली नव्हती. तरी मी वाजलो. असा वाजलो की फळीवरून नाचत नाचत थेट स्टोव्हवर कोसळलो. काच फुटली, स्टोव्ह विझला, आणि त्या शांततेत दुसरा भोंगा दोघांनी ऐकला.

बेनेडिक्टने तिच्या हातातले दोन्ही अर्ज ओढले आणि अनवाणी धूम ठोकली. मागून लुईझा, चप्पल हातात, ओरडत, "अरे मेल्या, सही! तुझी सही राहिलीय!"

सही बसमध्ये झाली. कॉलेजची खिडकी बंद होता होता अर्ज आत गेले.

मी मात्र पुन्हा चाललो नाही. लुईसने मला पुसून फळीवर ठेवलं. मित्रांनो, तुमच्या घड्याळाला तेल द्या, किल्ली द्या. धाकापायी त्याला खोटं बोलायला लावू नका. त्याने खरं सांगितलं तर ते कोणाला पटत नाही, आणि ती भीती गंजापेक्षा वाईट.

परवा दोघं घरी आली होती. आता लुईझा शिक्षिका आहे, बेनेडिक्ट बँकेत. परत निघायच्या वेळी त्याने माझ्याकडे, बंद घड्याळाकडे, पाहिलं आणि पाय पसरले.

"बस गं बाय, अजून अर्धा तास हाय."

लुईझा केव्हाची चप्पल घालून उंबऱ्यात उभी होती. माझी थांबलेली चाकं पुन्हा एकदा शहारली.