उलट्या अंगाची खाच

संघपालनं आप्पांचा घडीचा चाकू टेबलावर ठेवला आणि प्रियदर्शनीच्या अंगाचा तिळपापड झाला. जुने चाकू दुरुस्त करायचा नाद हिचा, अख्ख्या नांदेडातून लोक हिच्याकडं आणून देणार, आणि बापाचा चाकू मात्र धाकट्याच्या खिशात! शेत त्याला, घड्याळ त्याला, चाकूपण त्यालाच. पोरगा ना तो!

"ताई, गंजून पार जाम झालाय. बघ की जरा."

"उमरीत बसून नुसता गंजवलास व्हय रे?" म्हणत तिनं चाकू ओढून घेतला.

तिनं रिवेट काढले. शिंगाची मूठ सुटी केली. आतले पितळी पत्रे शाबूत होते, पाठीची स्प्रिंगही अजून ताठ. असला भारी माल ह्या धांदरटाला! रागारागातच ती पातं घासायला बसली. एका अंगाला नखानं पातं उघडायची खाच होती, कारखान्यातली, सरळ. तिनं पातं उलटं केलं. गंजाखालून तिकडंही एक खाच निघाली. वाकडी, हातानं कानस मारून पाडलेली.

तिनं पातं मुठीत बसवून तात्पुरती खीळ घातली. डाव्या अंगठ्याचं नख त्या वाकड्या खाचेत लावलं. पातं अलगद वर आलं.

घरात डावखुरी ती एकटीच. जेवताना आई डाव्या हातावर फटके द्यायची, तेव्हा आप्पा खाली मान घालून जेवत राहायचे. तो राग तिनं आजवर सोडला नव्हता.

"ही खाच कुणी पाडली रे?"

संघपालनं वाकून बघितलं. "आप्पांनीच. तू किनवटच्या वसतिगृहात निघालीस तवा कानस घेऊन बसले होते. मग कुणी तरी सांगितलं, तिथं चाकू चालत न्हाई. पेटीतच राहिला. पुढं मीच हट्ट करून घेतला." त्यानं त्या खाचेवरून बोट फिरवलं. मग तोंड पाडून म्हणाला, "मला सगळं दिलं गं त्यांनी. पण माझ्यासाठी कधी कानस हातात घेतली न्हाई."

हा सूर तिच्या चांगलाच ओळखीचा होता. इतकी वर्षं तो तिचाच होता.

"दे, जातो मी," त्यानं हात पुढं केला.

"देत नसते जा! जळ आता तू थोडं," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला तिचा डावाच हात वर गेला.