जावईबापूंचं वजन

काउंटरमधला शेवटचा नऊ अर्धा वर सरकून अडकला होता, शून्य त्याच्या पायाशी नुसतं डोकं काढून वाट बघत होतं. त्यानं काचेवर नखानं टिचकी मारली तसं ते टप्पकन जागेवर आलं. पाच हजार. पाच हजार वेळा खुर्ची खाली गेली, पाच हजार वेळा वर आली, एकदासुद्धा कुरकुर नाही.

“माणूस चुकेल, पण ही खुर्ची चुकायची नाही,” तो फोरमनला म्हणाला. “लिहून देतो.”

“कुणाला लिहून देता? जावईबापूंना? त्यांना वाचता येत नाही.”

जावईबापू म्हणजे खुर्चीत बसलेला वाळूचा माणूस. ताडपत्रीचं अंग, आत वाळूच्या पिशव्या, डोक्याच्या जागी एक गोल उशी. काही करत नाही, बोलत नाही, दिवसभर बसून असतो आणि इकडून तिकडे न्यायचा तर चौघांनी उचलावा लागतो, म्हणून हे नाव. कारखाना दवाखान्यांसाठी खुर्च्या बनवायचा, आणि प्रत्येक खुर्चीवर आधी जावईबापू बसायचे, मग आजारी माणसं.

पण ही खुर्ची दवाखान्याची नव्हती. ही बाबांची होती. चाचणीच्या हॉलच्या कोपऱ्यात गेले तीन आठवडे त्याच्या घरातलं बाथरूम उभं होतं — जसंच्या तसं, सेंटिमीटरचाही फरक नाही. भिंती पुठ्ठ्याच्या, नळ पुठ्ठ्याचा, उंबरा लाकडी फळीचा, आणि दार म्हणजे जमिनीवर खडूनं काढलेला पाव गोल, कारण उघडणारं दार किती जागा खातं हे लोक विसरतात, तो विसरत नव्हता. जाता-येता कुणी ना कुणी खडूच्या रेघेशी थांबून विचारायचं, “आहे का कुणी आत?” आणि तो आतून टेप हातात धरून म्हणायचा, “आहे!” … बायको असती तर हसली असती, असं त्याच्या मनात यायचं, मग आठवायचं की बायको आहे, घरीच आहे, फक्त गेले तीन आठवडे आपण तिच्याशी बाथरूमखेरीज काही बोललेलो नाही.

बाबांची अट एकच होती. आत एकट्याला जाता आलं, दार लावून घेता आलं, तर येतो तुझ्याकडे. “मुलाच्या हातून आंघोळ करून घ्यायला मी काय बाळ आहे?” दोनदा पडले होते, दोन्ही वेळा त्याच्याच घरी, त्याच्याच फरशीवर, आणि तेव्हापासून ताईकडे होते. ताईच्या दोन खोल्यांत तिचे सासूसासरे, मुलं, आणि आता बाबा. सोमवारी वृद्धाश्रमातून फोन येणार होता — खोली धरायची की सोडायची. म्हणून आज, शनिवारी, हाफ डेनंतर ताई बाबांना इथं आणणार होती. आधी पुठ्ठ्यात, मग भिंतीत. कुठलीही वस्तू अशीच बनते.

ते येईपर्यंत त्यानं डोक्यात चाचण्या घेतल्या. त्याला ती खोडच होती. कुणाशी काही महत्त्वाचं बोलायचं म्हटलं की आधी मनात पंचवीस वेळा बोलून बघायचा. बाबा म्हणतील, बरी आहे खुर्ची. मग मी म्हणणार, म्हणजे येताय ना. बाबा म्हणतील, बघू. मग मी म्हणणार… बाबा म्हणतील, तुला त्रास. मग मी… सगळ्या उत्तरांना उत्तरं तयार होती. अडचण एवढीच की उभ्या आयुष्यात बाबांनी त्याच्या मनातलं वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं. ते शिंपी होते. समोरचा बोलत असताना त्याचे खांदे बघायचे.

“हे काय रे?” ताईनं आत आल्या आल्या पुठ्ठ्याच्या नळाला हात लावला. “अगदी तस्संच! गळत नाही एवढाच फरक.”

बाबा टॅक्सीतून उतरून इथवर चालत आले होते, तिच्या हाताला न धरता, भिंतीच्या कडेकडेनं. त्यांनी आधी सांधे बघितले. पुठ्ठ्याला पुठ्ठा कुठे चिकटवलाय ते बोटानं चाचपलं. “कच्ची शिलाई,” म्हणाले. “ट्रायलला ठीक आहे.”

त्याला एकदम भरून आलं… बाबांनी कौतुक केलं होतं, किंवा नव्हतंही. मी दहा वर्षांचा असताना त्यांच्या दुकानात टेबलावर उभा राहायचो आणि ते शाळेचा शर्ट बेतायला माझी मापं घ्यायचे — गेल्याच महिन्यात घेतलेली, तरी पुन्हा. मी म्हणायचो, बाबा, वहीत आहेत की. ते टेप तोंडात धरून म्हणायचे, वहीत कालचा माणूस असतो.

“बसा बाबा,” तो म्हणाला. “नुसतं मागे टेकायचं, हळूच वजन सोडायचं. ती आपोआप खाली जाते. उठताना पायांवर जोर घ्यायचा, ती आपोआप वर ढकलते. खाली गॅसचा दांडा आहे. तुमच्या वजनालाच लावलाय.”

बाबांनी सदरा सावरला. मागे टेकले. बसले.

खुर्ची हलली नाही.

“वजन सोडा, बाबा.”

“सोडलं.”

“पूर्ण सोडा.”

“अरे, आणखी कुठून आणू?”

त्यांचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. चपला निसटून पडल्या, आधी एक, मग दुसरी. फोरमन पुढे झाला, मग कुणाच्या तरी घरच्या खोलीत शिरल्यासारखा मागे झाला. खडूच्या दाराबाहेर.

“अडकली असेल, बाबा,” तो म्हणाला. “उतरा जरा. मी धरतो.” आणि त्यानं बाबांच्या काखेत हात घातले, गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली — जावईबापूंना उचलताना ठेवतात तशी — आणि ताकद लावली.

भरलेली म्हणून उचलावी आणि घागर रिकामी निघावी, तसे बाबा वर आले. तो मागे धडपडला, बाबांचं कपाळ त्याच्या हनुवटीवर आपटलं, आणि क्षणभर ते दोघं एकमेकांना धरून त्या कागदी बाथरूमच्या मधोमध डुलत राहिले.

“हळू!” ताई ओरडली. “माणूस आहेत ते!”

हातांना कळलं होतं. डोकं अजून नाही म्हणत होतं. डोकं म्हणत होतं — सील, घर्षण, दांड्याचं तापमान. अडुसष्ट किलो. बाबा अडुसष्ट किलो. सहा वर्षांपूर्वी आईला दाखल केलं तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या काट्यावर सगळ्यांनी गंमत म्हणून वजनं केली होती. बाबा अडुसष्ट, आई बावन्न, ताईनं आकडा कुणाला दाखवला नव्हता. मग पुढे रोज सकाळी नर्स एकट्या आईचंच वजन करायची. एकावन्न. एकोणपन्नास. वजनाच्या रेघेचा कागद कॉटच्या पायाशी टांगलेला असायचा आणि मी इंजिनिअर, मला त्या रेघेचं पुढचं टोक कागद संपल्यावरही दिसायचं. तेव्हापासून घरात काटा नाही. बाबांच्या पँटी कमरेला नव्यानं चुण्या घालून शिवलेल्या दिसल्या होत्या, त्यांनी स्वतःच्या हातानं, बारीक टाक्यांनी, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा… माझ्या लक्षात आल्या होत्या. आणि मी जाऊन वाळूच्या माणसाला अडुसष्टाचं करून पाच हजार वेळा बसवलं.

बाबा पुन्हा खुर्चीवर टेकले होते. बघत होते जावईबापूंकडे, जे बाजूला उशीचं डोकं कलवून पडले होते.

“हा कोण?”

“हे तुमच्याऐवजी बसायचे,” फोरमन म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

“खात्यापित्या घरचा दिसतोय,” बाबा म्हणाले. “त्याच्या पोटातलं काढ थोडं आणि माझ्या मांडीवर ठेव. बघू तरी, चालते कशी.”

“बाबा, काहीतरीच काय.”

“ट्रायल आहे ना? मग घे की.”

त्यानं ताडपत्रीची दोरी सोडली. अकरा किलोची एक पिशवी काढून बाबांच्या मांडीवर ठेवली. खुर्ची हलली नाही. बाबांनी पिशवी दोन्ही हातांनी कवटाळली, मूल धरल्यासारखी. दुसरी अकराची ठेवली तशी खुर्चीनं सुस्कारा सोडला आणि सावकाश, डौलात, एकसारख्या वेगानं ती खाली गेली. झटका नाही, आवाज नाही. इतकं सुंदर काम त्यानं आजवर केलं नव्हतं. बाबांचे पाय जमिनीला टेकले.

काटा टाळला तरी वजाबाकी कोण टाळणार? अडुसष्टातून बावीस गेले. सेहेचाळीस.

“छान आहे रे,” बाबा म्हणाले.

पंचवीस चाचण्यांत हे वाक्य होतं. त्याचं उत्तरही तयार होतं — म्हणजे येताय ना. त्याऐवजी त्यानं वाकून बाबांच्या चपला जोडीनं लावल्या.

“दांडा बदलता येतो ना?” ताईनं विचारलं. तिचा आवाज एकदम लहानपणचा झाला होता, गणित अडल्यावर त्याच्याकडे वही सरकवायची तेव्हाचा. “कमी वजनाचा?”

“येतो. चार दिवसांचं काम.”

“मग बदल. बघतोस काय?”

“कितीवर लावू?”

“म्हणजे काय? आता आहे तेवढ्यावर.”

बाबाच बोलले, पिशव्यांवरून हात फिरवत, गिऱ्हाईकाला कापड समजावून सांगतात त्या आवाजात. “पोरांच्या कपड्यात दोन बोटं माया सोडायचो मी, वाढत्या अंगाला. मग दर वर्षी उसवून देता यायचं. उतरत्या अंगाचं गिऱ्हाईक आलं की पंचाईत व्हायची. त्याला काय सोडणार?” आणि हसले. “त्याचं माप वरचेवर घ्यायचं, एवढंच. पण ते येत नाहीत रे. शरमतात.”

हॉलमध्ये पंखा फिरत होता. काउंटर पाच हजारांवरच होता. ही शेवटची फेरी त्यात धरली नव्हती, कारण तार मघाशीच काढून ठेवली होती.

“मग सोमवारी त्यांना काय सांगू?” ताई म्हणाली, दोघांपैकी कुणाकडेच न बघता.

त्याला वाटलं, आता डोक्यात सुरू होईल — बाबा म्हणतील, मग मी म्हणणार. तो वाट बघत राहिला. काही सुरू झालं नाही. आत फक्त बाबांचे पाय दिसत होते, जमिनीवर टेकलेले, आणि टाचेवर मोज्याला केलेला बारीक रफू. खिशातला टेप त्याच्या हाताला लागला. सहा वर्षांत त्यानं या टेपनं बाथरूम मापलं होतं, उंबरा मापला होता, उघडणारं दार मापलं होतं…

बाबांच्या हातांना पिशव्यांचा भार होत असेल, असं वाटून त्यानं वरची एक पिशवी उचलली. खुर्ची बाबांना घेऊन वर आली, त्यांचा उजवा पाय पुठ्ठ्याच्या भिंतीतून आरपार गेला, आणि नळाकडची बाजू पडली.