बारावं मशीन

माधुरी साळवेनं कागदावर 'बाराही मशिनं तपासली' असं लिहून सही केली, तेव्हा तपासून झालेली मशिनं अकरा होती. कुणाला फसवायचं म्हणून लिहिलं नव्हतं. बारावं मशीन दुरुस्तीला पुण्याला गेलेलं, आठवड्याभरात येणारच होतं, आल्यावर तेही तपासून टाकू, एका मशिनापायी कागद कशाला अडवून ठेवायचा? आपल्याकडं निम्मी कामं अशीच होतात बघा. सही आधी, काम मागून. बहुतेक वेळा निभावून जातं, म्हणून तर खोड लागते.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. केडगावात एक संस्था होती. नगर-नेवाशाच्या खेड्यांतून गरोदर बायांची आणि तान्ह्या लेकरांची देखभाल करायची. बारा गावांना बारा आरोग्यसेविका. त्या वर्षी कुठल्याशा परदेशी मदतीतून संस्थेला बारा मशिनं मिळाली. पंज्यात मावतील एवढी, हातभर कौतुकाची. छोटा पडदा, खाली बटणं, पेन्सिल सेलवर चालायची. सकाळी सेविकेनं मशीन उघडलं की आज कुणाकुणाच्या घरी जायचं त्याची यादी पडद्यावर यायची. घरी जाऊन वजन, रक्तदाब, जे काय तपासलं ते बटणं दाबून आत भरायचं. या मशिनांवर चालणारा प्रोग्राम लिहिला होता माधुरीनं. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, वय सव्वीस, आणि हुशारीची थोडी घमेंड. ती असतेच त्या वयात.

घोडेगावच्या सेविकेचं नाव मेहताब. सगळे मेहताबभाभी म्हणायचे. चौदा वर्षं तिनं गाव आणि भोवतालच्या वस्त्या पायांनी तुडवल्या होत्या. सातवीपर्यंत शिकलेली, पण जाडजूड वहीत एकेका बाईची नोंद मोत्यासारख्या अक्षरात. मशीन आल्यावरही तिनं वही सोडली नाही. आधी वहीत लिहायची, मग मशिनात भरायची. दुप्पट वेळ जायचा. शेवटी माधुरीनं बाराही सेविकांच्या वह्या मागवून घेतल्या आणि ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद केल्या. एका मासिक बैठकीत तर तिनं सगळ्यांसमोर मशिनातला हिशोबच वाचून दाखवला, की भाभी या महिन्यात बावीस घरी यादीत नाव नसताना गेल्या आणि त्यापायी यादीतली नऊ घरं राहिली. बाकीच्या सेविका पदर तोंडाला लावून हसल्या. भाभीनं मान खाली घातली. त्यानंतर तिचं काम यादीबरहुकूम चालू झालं, आणि माधुरीला वाटलं, चला, एक गडी मार्गी लागला.

पण यादीत एक अडचण होती. जोखमीच्या बायका, म्हणजे ज्यांचा रक्तदाब वाढलेला, पायावर सूज आलेली, त्यांची नावं इतरांत मिसळून यायची आणि तीस नावांत हरवून जायची. म्हणून माधुरीनं प्रोग्राम सुधारला. आता जोखमीची नावं साध्या यादीतून काढून घ्यायची आणि चांदणी लावून सगळ्यात वर ठेवायची. दर तिसऱ्या दिवशी ते नाव वर आलंच पाहिजे. काम चोख होतं. तपासायला तिनं एक खोटी बाई तयार केली होती, आक्काबाई, वय पंचवीस, आठवा महिना, रक्तदाब एकशे साठ. प्रत्येक मशिनात नवा प्रोग्राम भरायचा, आक्काबाईची नोंद करायची, आणि ती चांदणीसकट वर आली की मशीन पास. अकरा मशिनांत आक्काबाई शहाण्यासारखी वर आली.

बारावं आलं ते आठ दिवसांनी, बैठक संपता संपता. ते मेहताबभाभीचं. तिची घोडेगावची गाडी सुटायची वेळ झालेली, दारात उभी राहून ती पायाला भोवरा असल्यासारखी आत-बाहेर करत होती. माधुरीनं मशीन उलटं करून पाठीवरचं स्टिकर पाहिलं. आतल्या भागाचं व्हर्जन तीन. इतर अकराही तीनच. नवा प्रोग्राम भरला, यादी उघडली, यादी आली. आक्काबाईची आठवण झाली नव्हती, असं म्हणता येणार नाही. पण बाई दारात खोळंबलेली, कागदावर तर बारा कधीच लिहून झालेले. दिलं मशीन.

तीन आठवड्यांनी, घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी, भारती नावाच्या बाईला झटके आले. गावाबाहेरच्या वस्तीवर राहणारी, पहिलंच बाळंतपण, आठवा महिना. नवरा सहादेव टेम्पोवर ड्रायव्हर, तो बाजारात म्हशी उतरवत होता. त्याला निरोप पोचून, जनावरांच्या गर्दीतून टेम्पो बाहेर निघून वस्तीवर यायलाच तास गेला. सासूच्या, दगडाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून भारतीला नगरला न्यायला निघाले आणि इमामपूरच्या घाटात तिनं जीव सोडला. पोटातलं लेकरू तिच्यासोबतच गेलं.

संस्थेत हाहाकार झाला. ज्यासाठी संस्था काढली, नेमकं तेच घडलं होतं. प्रमुख होते गव्हाणे डॉक्टर. वाईट माणूस नव्हता, पण अशा वेळी कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. त्यांनी भाभीचं मशीन मागवून घेतलं आणि माधुरीला सगळ्या नोंदी छापून द्यायला सांगितल्या. नोंदी बोलक्या होत्या. महिन्याच्या तीन तारखेला भाभीनं भारतीचा रक्तदाब भरला होता, दीडशेच्या वर. त्यानंतर एकोणीस दिवस त्या घरी भेट नाही. डॉक्टर म्हणाले, यापुढं बोलायचं काय राहिलं? सोमवारी समितीपुढं ठेवायचं आणि भाभीला काढून टाकायचं. भाभीचा जबाब एका ओळीचा होता. मशिनात नाव आलं न्हाई. तो वाचून कुणीतरी म्हणालंसुद्धा, नाचता येईना अंगण वाकडं.

माधुरीही मनातून तेच म्हणाली होती. आपला प्रोग्राम चुकेल कसा? अकरा मशिनांवर... आणि अकरा हा आकडा मनात आला तशी ती खुर्चीवरून उठली.

तिनं खोलीचं दार लोटून घेतलं आणि भाभीच्या मशिनात आक्काबाईची नोंद केली. वय पंचवीस, आठवा महिना, रक्तदाब एकशे साठ. यादी उघडली. आक्काबाई वर नव्हती. खालीही नव्हती. पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा यादी पाहिली, आक्काबाई नावाची बाई जणू जगात जन्मलीच नव्हती.

मशीन चालू करताना दोन बटणं दाबून धरली की आतलं खरं व्हर्जन दिसतं. तिनं दाबली. दोन आलं. पुण्याला दुरुस्तीत आतला भाग बदलला होता, तो जुन्या मालातला घातला होता, आणि पाठीवरचं झाकण तेच ठेवलं होतं, तीनचं स्टिकर लावलेलं. नावं यादीतून काढून घ्यायची युक्ती जुन्या व्हर्जनला येत होती. ती वर नेऊन लावायची युक्ती फक्त नव्याला येत होती. बरं, येत नाही तर मशिनानं अडून बसावं, बोंब मारावी. तसंही नाही. प्रोग्राममधली ती ओळ मुकाट्यानं सोडून पुढं जायचं. म्हणजे साध्या बायका यादीत राहायच्या आणि ज्यांचा जीव धोक्यात, नेमक्या त्याच गाळल्या जायच्या. माधुरीनं तोंडावर हात दाबून धरला. रडूही येईना.

हे कुणालाच कळणार नव्हतं, हे तिला त्याच क्षणी कळलं. संस्थेत दुसऱ्या कुणाला प्रोग्राममधलं ओ की ठो कळत नव्हतं. मशिनात तीनचा भाग मागवून बसवला की झालं. पुरावा पुसला जाणार, चोर सोडून संन्याशाला फाशी होणार, आणि माधुरी साळवेची सही कपाटात बिनघोर राहणार. शनिवार, रविवार ती हेच घोकत राहिली आणि स्वतःचीच किळस येत गेली.

रविवारी संध्याकाळी तिनं वडिलांना सांगितलं. उत्तमराव एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मेकॅनिक होते. ब्रेकचं काम केलेली गाडी स्वतः चालवून आणल्याशिवाय त्यांनी कधी सोडली नव्हती, यावरून डेपोत त्यांची टिंगल व्हायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मशीन, व्हर्जन, यातलं त्यांना फारसं समजलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "अकरा तपासली होतीस, मग बारा का लिहिलंस?"

माधुरीची नजर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं गेली तशी तिला लाज वाटली. या घरात शिकलेली पहिली मुलगी म्हणून वस्तीनं हार घातला होता, तो याच खोलीत.

सोमवारी समितीपुढं तिनं सांगून टाकलं. मशीन टेबलावर ठेवलं, शेजारी दुसरं ठेवलं, दोन्हींत आक्काबाई भरली आणि दोन्ही याद्या दाखवल्या. मग तो कागद काढून म्हणाली, "ही सही माझी आहे. भाभींची चूक नाही." गव्हाणे डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, माधुरी, तू हे लेखी देशील? तिनं आणलंच होतं लिहून. भाभीला कामावर कायम ठेवायचं ठरलं. माधुरीला सांगितलं, बाराही मशिनं नीट करून दे आणि मग तुझी दुसरीकडं सोय बघ. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट तीन दिवसांत पहिल्यांदा घास गोड लागला. निदान एक माणूस वाचवला, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी संस्थेचं पत्र घेऊन ती स्वतः घोडेगावला गेली. आधी भाभीला पत्र द्यायचं, मग भाभीला सोबत घेऊन दगडाबाईच्या पायाशी जायचं, असं तिनं वाटेत पक्कं केलं होतं. मेहताबभाभी ओट्यावर तांदूळ निवडत होती. दहा दिवसांत म्हातारी दिसायला लागली होती. तिनं माधुरीला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. माधुरीनं काहीही हातचं न राखता सांगितलं. स्टिकर, जुना भाग, गाळलेली नावं, कागदावरचे बारा. म्हणाली, "भाभी, तुम्ही निर्दोष आहात. सगळं लेखी दिलंय मी."

भाभीनं पत्र हातात घेतलं, वाचलं, घडी घालून बाजूला ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. माधुरीला वाटलं, कळलं नसेल. तिनं पुन्हा सांगायला सुरुवात केली, की नाव यादीतच नव्हतं, तर तुम्हाला ठाऊक कसं असणार?

"मला ठाव हुतं," मेहताबभाभी म्हणाली.

माधुरी थांबली.

"चौदा वर्सं झाली, ताई. कुनाचा कितवा म्हैना, कुनाच्या पायाला सूज, समदं माज्या ध्यानात असतंय. वही मी तुमच्यासाठी लिवायची. भारतीचं नाव तिसऱ्या दिशी यायला पायजे हुतं, आलं न्हाई. मला वाटलं, तुमी शिकलेली मानसं, तुमच्या मशिनाला माज्यापेक्षा जास्त कळतंय. बरी झाली आसंल, म्हनून काढलं नाव." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच माधुरीला सोसवेना. "बाजाराच्या आदल्या दिशी मी तिच्या वस्तीवरनंच गेल्ते. दारात हुती ती. मला बगून हात केला, भाभी, या म्हनली. तोंड सुजल्यालं मला रस्त्यावरनं दिसलं. पन यादीत न्हाई, आन् यादीतलं एक घर राहिलं तर बैठकीत पुन्ना हसं व्हईल. म्हनलं, उद्या येते गं. आन् फुडं गेले."

माधुरीला काहीतरी म्हणायचं होतं, पण ज्या माणसाला वाचवायला ती आली होती ते समोर बसलं होतं आणि त्याला वाचवायला तिच्याजवळ काहीही नव्हतं.

भाभीनं तांदळाचं सूप उचलून आत ठेवलं आणि डोक्यावरून ओढणी घेतली.

"चला दगडाबाईकडं," ती म्हणाली. "पन तिथं तुमी फकस्त तुमचं सांगा. माजं मी सांगीन."