मी बसले की गाडी सरळ चालते

सून म्हणायची, गाडी हातात राहत नाही. जोरात दाबली की नाक उजवीकडे ओढते, पाय काढला की डावीकडे झटका देते, आणि लेन बदलताना तर अशी डुलते की मागून कोणी ढकलतंय असं वाटतं. माझा लेक म्हणायचा, गाडीला धाड भरलेली नाही, हिच्या हातालाच वळण नाही.

एकदा ट्रकला मागे टाकताना गाडी भेलकांडली. थोडक्यात वाचली बया. त्या दिवसापासून लेकाने किल्ली स्वतःच्या खिशात घातली. सुनेची नोकरी शहराबाहेर, हायवेवरच्या पाण्याच्या केंद्रात. लोकांच्या नळाला जाणारं पाणी आधी ती तपासते. तिथवर बस जात नाही. तिने रजा टाकली, ती संपत आली, आणि वरून निरोप आला की सोमवारी या, नाहीतर तुमच्या जागी दुसरी बाई घेतो.

तोवर घरात आम्ही दोघी. स्वयंपाकघर एवढंसं, ओटा एक. ती डावीकडे सरकली की मी उजवीकडे. खिडकी उघडावी तर समोरच्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. तिने डबा आपटला की मी झाकण आपटायची. बाहेर पडायचं तर तिच्यापाशी गाडी नाही, माझ्यापाशी गुडघे नाहीत. दुपारी ती पलंगावर पडून छताकडे बघत बसे. मला काही तिची दया आली नाही, पण माणसाने इतकं गप्प राहू नये. भांडणारी सून परवडते, हे असलं सहन होत नाही.

गॅरेजला गाडी दोनदा नेली. दोन्ही वेळा मी गेले. का म्हणून काय विचारता? गाडी माझ्या नावावर आहे, आणि दुसऱ्याच्या वस्तूवर गॅरेजवाल्याचा हात कसा सैल सुटतो ते मी जन्मभर बघितलंय. पहिल्यांदा त्याने चाकं सरळ केली. दुसऱ्यांदा पुढचे टायर मागे घातले, मागचे पुढे. दोन्ही वेळा मला मागे बसवून स्वतः चालवून बघितली आणि म्हणाला, "लोण्यासारखी चालतेय, आजी!"

"आजी असेल तुझ्या घरी," मी म्हटलं. "गाडीचं बोल."

शनिवारी तिसरी खेप. पुढे गॅरेजवाला चालवायला, शेजारी माझा लेक. मागे मी आणि सून. पट्टा माझ्या गळ्याशी आलेला, पुढच्या सीटची पाठ गुडघ्यांना टेकलेली, काच अर्ध्यावर अडकलेली. हायवेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. एकदा शिरलं की पुढचा फाटा येईपर्यंत सुटका नाही.

"अशी नाही हो होत," सून म्हणाली. "जोरात दाबा ना जरा."

"आई आहे गाडीत," लेक म्हणाला.

गॅरेजवाला हसला. "वहिनी, तीनदा बघितली. गाडीत दोष नाही. राग मानू नका, पण हाताला सवय लागते हळूहळू."

एरवी मी एक म्हटलं की दोन परत करणारी सून काचेतून बाहेर बघत राहिली. मला चीड आली. काहीतरी बोलावं म्हणून मी पुढे वाकले, आणि बघते तर माझा हात गॅरेजवाल्याच्या खांद्यावर.

आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. वेग वाढला की मी चालवणाऱ्याच्या खांद्यावर टकटक करते. नवरा होता तेव्हा नवऱ्याच्या, मग लेकाच्या. मी गाडीत असले की सगळे असे हळू चालवतात, जशी काही अंड्यांची टोपली नेतायत. आणि हा परका माणूससुद्धा पहिल्या टकटकीपासून तसाच चालवत आला होता.

"थांबव गाडी."

"काय झालं आई? मळमळतंय का?"

"सूनबाई, तू चालव. आणि तू," मी लेकाला म्हटलं, "माझ्या शेजारी ये."

"वेडी झालीस का? हायवे आहे हा!"

"मग लेन काय घरातल्या पलंगावर बदलायच्या?"

"निदान तू तरी उतर."

"कुठे उतरू? कठड्यावर बसू का कावळ्यासारखी?"

जागा बदलल्या, गॅरेजवाला सुनेच्या शेजारी गेला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. सुनेने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस? रस्त्याकडे बघ. आणि दाब."

तिने दाबली. माझी पाठ सीटला जाऊन चिकटली. गाडीचं नाक उजवीकडे निघालं, कठडा काचेजवळ आला. सून शांतपणे बोलत होती, जशी पाण्याचा नमुना तपासत असावी. "आता पाय काढते, डावीकडे जाईल बघा." गेली. "आता लेन बदलते." मागची बाजू एकदा इकडे, एकदा तिकडे. मला ओरडायचं होतं. दात आवळून धरले. दार उघडून पळावं तर पळणार कुठे?

"हळू! अगं हळू!" लेकच ओरडला.

"गप रे. मी बोलतेय का काही?"

गॅरेजवाल्याचं हसू कुठच्या कुठे गेलं होतं. त्याची नजर सुनेच्या हातांवर. "वहिनी, पुन्हा एकदा करा. स्टिअरिंग तुम्ही हलवलंच नाहीत."

"नाहीच हलवलं."

पुन्हा एकदा म्हणे! मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या.

गॅरेजमध्ये गाडी वर चढवून त्याने पुढच्या चाकामागे पहार घातली आणि जोर दिला. चाक धरून ठेवणारा लोखंडी आर्म फटकन सरकला. आतलं रबर फाटून नुसतं नावाला उरलेलं. "हळू चालवली की हा जागेवर राहतो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "जोर आला की सरकतो, आणि चाक आपल्या मनाने वळतं. लेन बदलतानाही तेच."

दोन्ही बाजूंची रबरं बदलली, चाकं पुन्हा सरळ केली. या वेळी सुनेनेच चालवून बघितली. मी गॅरेजच्या बाकावर बसून राहिले.

"झालं तर मग," परत आल्यावर लेक म्हणाला आणि किल्ली पुन्हा खिशात टाकली. "तरी काही दिवस मीच सोडत जाईन."

"तुझं ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला," सून म्हणाली. "रोज कसा सोडशील?"

"बघू."

तिने हात पुढे केला. तसाच धरून ठेवला. लेकाने माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून अडलं की तो असा बघतो, आणि मी त्याच्या बाजूने बोलते. तोंडाशी आलंही होतं. मी वर टांगलेल्या टायरांकडे बघत बसले.

मग किल्ली तिच्या हातात वाजली.

सुनेने माझे आभार वगैरे काही मानले नाहीत. मानले असते तर मी चार शब्द सुनावलेच असते. सोमवारी ती कामावर गेली, आणि लेक दिवसभर माझ्याशी बोलला नाही.